पालीचा डायरेक्टर

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की खजाना विहीर मागं पडते आणि बिंदुसरेच्या धरणाकडं जाता जाता पाली येते. इथं फाट्यावर गाडी थांबवून चहावाल्याला किंवा पंक्चरवाल्याला विचारा, “डायरेक्टर कुठंय?” तो लगेच उत्तर देत नाही. आधी तुमची गाडी बघतो, मग गाडीचा नंबर, मग तुमच्या बोटातल्या अंगठ्या. नवा प्रोड्युसर आलाय का, याचा त्याला अंदाज घ्यायचा असतो. फाट्यावरच्या निम्म्या लोकांना डायरेक्टरनं रोल देऊन ठेवलेत, त्यामुळं तुमच्या खिशात त्यांचाही जीव अडकलेला आहे.

त्याचं नाव सांगत नाही. ते आता आधार कार्डापुरतंच उरलंय. दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळे त्याला डायरेक्टरच म्हणतात. बायकोही म्हणते, फक्त तिचा सूर वेगळा लागतो. वय चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं. उभ्या आयुष्यात त्यानं एकही पिक्चर काढलेला नाही, आणि गावाला त्यात काही गैर वाटत नाही. जिथं भावी आमदार आणि भावी सभापती बॅनरवर हात जोडून वर्षानुवर्षं उभे असतात, तिथं एक भावी पिक्चर कुणाला जड होतोय?

पोटापाण्याला त्याचं फाट्यावर दुकान आहे. लग्नाचं शूटिंग, आल्बम, हप्त्यावर घेतलेला ड्रोन. प्री-वेडिंगला तो जोडप्याला कपिलधारच्या धबधब्याखाली उभं करतो, आणि नवरदेवाला हसू आलं नाही तर त्याला आधी त्याच्या पात्राची पार्श्वभूमी समजावून सांगतो. एका लग्नात भटजींनी शेवटचं मंगलाष्टक उचललं आणि ऐन ‘सावधान’च्या वेळी डायरेक्टर सवयीनं “कट!” म्हणाला. भटजी थबकले. अर्ध्या मांडवानं अक्षता टाकल्या, अर्ध्यानं मुठीत धरून ठेवल्या. त्या जोडप्याचं लग्न नक्की कितव्या टेकला लागलं, यावर दोन्ही घरांत अजून एकमत नाही.

पण त्याची गोष्ट चांगली आहे, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. दसरा झाला की आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडं निघतात, पोरीचं दप्तर खुंटीला राहतं, पोरगी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळते आणि उन्हाळ्यात परत येते तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. डायरेक्टरचे आई-वडील स्वतः कोयत्यावर जायचे, त्यामुळं पहाटे गाडी भरताना वाढ्याचा भारा कसा बांधतात इथपासून कोपीत चूल कोणत्या तोंडाला घालतात इथपर्यंत सगळं त्याला आतून ठाऊक. पहिल्यांदा त्यानं मला नॅरेशन दिलं ते फाट्यावरच्या हॉटेलात. बैलांच्या घुंगरांचा आवाजही तोंडानं काढला. भज्याची प्लेट गार झाली आणि शेवटी आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. मग तो म्हणाला, “सर, ऐंशी लाख.” तेव्हा मात्र मी बोललो.

ऐंशी लाखांची त्याच्याकडं एक वही आहे. तिच्यात कॅमेरा, लाइट, जेवण, कलाकार हे सगळं आहेच. शिवाय ‘कोप्या 12’, ‘बैलजोडी 4’ आणि ‘ऊस 3 एकर, उभा’ अशाही नोंदी आहेत.

ही वही घेऊन तो कुणाकडंही गेला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “सैराट चार कोटीत झाला आन शंभर कोटी घेऊन गेला.” 2016 पासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक होतकरू दिग्दर्शकानं हे वाक्य प्रत्येक होतकरू निर्मात्याला ऐकवलेलं आहे. त्यात खोटं काही नाही. मात्र त्याच्या आधी नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, ‘फँड्री’ होऊन गेला होता आणि पाठीशी झी उभं होतं, हे त्या वाक्यात मावत नाही. डायरेक्टरला दिसतो तो ‘सैराट’मधला करमाळ्याकडचा माळ. “जामखेडच्या पलीकडं तर हाय करमाळा. तिथं होतंय, मंग पालीत कामून न्हाई?”

दुसरं वाक्य सबसिडीचं. मराठी चित्रपटाला राज्य सरकार अनुदान देतं. अ दर्जा मिळाला तर 40 लाख आणि ब मिळाला तर 30 लाख, हे आकडे या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असतात. डायरेक्टरनं अर्थातच चाळीस धरलेत. “आबा, ऐंशीतले चाळीस तर सरकारच देतंय. तुमचे राहिले चाळीस.” हे पैसे पिक्चर पुरा झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर आणि समितीनं बघून दर्जा ठरवल्यावर मिळतात. ते तो लपवत नाही. सांगतो. चहा पिऊन झाल्यावर, गाडीला किक मारता मारता सांगतो.

पालीत पैसा नाही असं समजू नका. हायवे चौपदरी झाला तेव्हा ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मावेजा मिळाला. त्यातून स्लॅबचं घर झालं, दारात स्कॉर्पिओ आली, पोरीचं लग्न झालं आणि उरलेलं चार टक्के जास्त व्याजाच्या आशेनं मल्टिस्टेट पतसंस्थेत गेलं. पुढं बीड जिल्ह्यात मल्टिस्टेटांच्या शाखांना कुलपं लागली, ठेवीदार पावत्या घेऊन पोलीस ठाण्यापुढं रांगेत उभे राहिले, ते सगळ्यांनी बघितलंय. त्यामुळं आता डायरेक्टर अंगणात येऊन “एक गुंतवणुकीचं बोलायचं व्हतं” म्हणाला, की घरातली म्हातारी आतूनच ओरडते, “कुणी घरी न्हाई म्हणावं!”

अशा हवामानात पैसा काढायचा कसा, याचा डायरेक्टरनं अभ्यास केला. तो वाचतो खूप. ‘कोर्ट’ला पैसा कुणी लावला? विवेक गोम्बर यांनी. त्यात वकील कोण झालंय? विवेक गोम्बरच. ‘श्वास’च्या निर्मात्यांत कोण? अरुण नलावडे. आजोबा कोण? अरुण नलावडे. झालं, डायरेक्टरला सूत्र सापडलं. पैसा लावणाऱ्याला रोल द्यायचा. त्या दोघांना आधी पिक्चर पटला होता आणि मग त्यांनी खिशात हात घातला, ही बारीक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली. त्यानं गाडं उलटं जुंपलं.

पहिला रोल गेला एका गुत्तेदाराच्या पोराला. गुत्तेदारानं गोष्ट ऐकली, डोळे पुसले आणि विचारलं, “आमच्या भैयाचं काय हाय यात?” भैया रील काढतो. बुलेटवर बसून येतो, गॉगल काढतो, परत घालतो. एवढीच रील, पण लाइक भरपूर. डायरेक्टर घरी गेला आणि रातोरात पोरीला एक थोरला भाऊ झाला. तो फौजेत असतो आणि सुट्टीला फडात बुलेटवर येतो. गुत्तेदार खूश. म्हणाला, “बिल निघालं की पैशे.” बिल मार्चएंडला निघतं. दर मार्चएंडला निघतं, आणि एप्रिलात नवं पोकलेन येतं.

मग बीडचा एक सराफ. गोष्टीत आई दुष्काळात मणीमंगळसूत्र गहाण ठेवते, तो सीन त्याला आवडला. दुकान त्याचंच दाखवायचं, पाटी पूर्ण वाचता आली पाहिजे, सराफ दयाळू पाहिजे आणि व्याजाचा विषय संवादात यायचा नाही, एवढ्याच अटी. मग खताचा डीलर आला. पोरगी रडत बसते ती खताच्या पोत्याला टेकून, आणि पोत्यावरचं नाव कॅमेऱ्याकडं. मग आले भावी जिल्हा परिषद सदस्य. त्यांना रोल नको होता, फक्त शेवटी वसतिगृहाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते पाहिजे होतं. आणि त्या सीनला गर्दी ते स्वतः आणणार होते, गाड्यांसकट.

असं करता करता पैसा एकाचाही आला नाही, गोष्टीत मात्र सगळे येऊन बसले. परवा मी नॅरेशन ऐकलं त्यात फौजी भाऊ आहे, त्याचं प्रेमप्रकरण आहे, सराफाचा दयाळूपणा आहे, धबधब्याखाली गाणं आहे. पोरगी मध्यंतरानंतर येते. मी म्हटलं, “अरे, तिची गोष्ट होती ना?” डायरेक्टर म्हणाला, “हाय की सर. पन तिच्या बापाकडं पैशे न्हाईत.”

या सगळ्यांत त्याला खरा फायनान्सर भेटला तो एकच, आणि तो मुकादम होता. मुकादमाचा धंदाच मुळात पैसा अगोदर देण्याचा. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून उचल घ्यायची, ती कोयत्यांना वाटायची (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता), आणि सीझनभर तोड करून ती फेडून घ्यायची. जोडी उचल घेऊन पसार झाली तर कारखाना मुकादमाची मानगूट धरतो. त्यामुळं माणूस पळणार की टिकणार, हे तो समोरच्याच्या चपला बघून सांगू शकतो म्हणतात. बैठक झाली ती ढाब्यावर, बाजेवर. मी बाजूलाच होतो.

“मामा, ऐंशी लाख,” डायरेक्टरनं वही उघडली.

मुकादम बडीशेप चघळत होता. “किती कोयते?”

“कोयते न्हाई मामा, युनिट असतंय. साठ माणूस.”

“किती दिस?”

“तीस.”

“साठ माणसाला तीस दिस ऐंशी लाख? सोनं तोडायलात का काय?”

डायरेक्टरनं कॅमेरामनचा दिवसाचा दर सांगितला. मुकादमाचं चघळणं थांबलं. “कॅमेरा त्याचा असतो व्हय?”

“न्हाई, कॅमेरा भाड्याचा. त्याचं भाडं येगळं.”

“मंग त्याचं सोताचं काय असतंय?”

“नजर.”

मुकादमानं बडीशेप थुंकली आणि वही स्वतःकडं ओढली. बोट फिरवत फिरवत तीन एकर उसाच्या नोंदीवर आला. “ह्यो ऊस कशाला?”

“तोडायचा सीन हाय. येकदा तोडला की रिटेकला दुसरा उभा ऊस लागतो.”

“रिटेक मंजी?”

“चुकलं की परत.”

“तोडायला चुकायचं काय असतंय त्यात?” मुकादमाला खरंच कळेना. “मपल्या टोळीतल्या बाया घे. येका टायमाला फड मोकळा करतेत. तीन एकराचे पैशे वाचले बघ.”

बजेटमध्ये एवढी चोख दुरुस्ती मुंबईच्या कुठल्या लाइन प्रोड्युसरनं सुचवली नसती. डायरेक्टरनं मात्र तिथं हिरोइन पुण्याची ठरवलेली होती. तो पुढं सरकला, वसुलीवर आला. तिकिटातून आधी जीएसटी जातो, राहिलेल्यातलं साधारण निम्मं थेटरवाला ठेवतो, डिजिटल प्रोजेक्शनचं भाडं शोगणिक कापलं जातं, वितरकाचं कमिशन, जाहिरातीचा खर्च, आणि मग उरलेलं निर्मात्याचं. हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, कारण मुकादमापुढं खोटं बोलायची पालीत कुणाची छाती नाही.

मुकादमानं डोळे मिटून सगळं ऐकलं. “मंजी ऊस आमी लावायचा, आमीच तोडायचा, गाडी आमीच भरायची, आन काटा दुसऱ्याचा.”

“तसंच म्हणा.”

“आन थेटरवाल्यानं दोन दिसात पिक्चर काढून टाकला तर?”

“तर मंग… ओटीटी हाय.”

“ते पैशे देतंय का?”

डायरेक्टरनं पाणी मागवलं. आजकाल मोठ्या स्टारशिवाय मराठी पिक्चर ओटीटीवाले सहसा आगाऊ घेत नाहीत. बरेचदा कमाईतला वाटा देऊ म्हणतात, आणि त्या कमाईचा काटाही त्यांचाच असतो. मुकादमाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला ते सांगायची गरजही नव्हती.

मग मुकादमानं तो प्रश्न विचारला जो गुत्तेदारानं, सराफानं, भावी सदस्यानं, कुणीच विचारला नव्हता. “तू सोता किती घातले?”

डायरेक्टर ‘ख्वाडा’ची गोष्ट फार रंगवून सांगतो. भाऊराव कऱ्हाडे यांनी पिक्चरसाठी स्वतःची जमीन विकली, पुढं त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही गोष्ट सांगताना त्याचा गळा दाटून येतो. मुकादमानंही ती ऐकलेली होती. म्हणाला, “तुपलीबी हाय की दोन एकर. रोडला लागून.”

“आईच्या नावावर हाय मामा.”

“इचार मंग आईला.”

“इचारलं. कोयता दाखविला.”

मुकादम मोठ्यानं हसला. त्यानं पैसे दिले नाहीत. पण म्हणाला, “पट्टा पडला की टोळी घेऊन येतो. आठ दिस फुकट काम करतेत माणसं, जेवण तुपलं.” पालीत इतकी मोठी ऑफर डायरेक्टरला आजवर कुणी दिलेली नाही. अडचण एकच. पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा सीझन संपणं, आणि तेव्हा फडात ऊस नसतो.

त्यानंतर काही महिने डायरेक्टर ‘मंथन’च्या नादी लागला. श्याम बेनेगलांच्या त्या 1976च्या पिक्चरला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले होते, आणि मग स्वतःचा पिक्चर बघायला शेतकरी ट्रक भरभरून आले. डायरेक्टरनं मोबाइल काढला. बीड जिल्ह्याची 2011ची लोकसंख्या 25 लाख 85 हजार. गुणिले दोन, 51 लाख 70 हजार. “सर, लहान लेकरं धरूनच हाय ह्यो आकडा. त्यांचे आई-बाप भरतील.” त्या पाच लाख लोकांमागं सहकारी दूध संघांचं जाळं होतं, पैसे दुधाच्या हिशोबातून जमले, ही गोष्ट मी सांगितल्यावर तो एका डेअरीवर गेला. डेअरीवाला म्हणाला, “आधी दुधाला फॅट लागू दे, मग पिक्चरला लावू.”

सीएनं तर घाबरवूनच सोडलं. असे गावोगाव पैसे गोळा करून परताव्याचं आश्वासन दिलं तर 2019चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा आहे. कंपनी काढून खाजगीत शेअर विकायचे म्हटलं तर वर्षाला 200 माणसांच्या पुढं जाता येत नाही. दुसरा कुणी खचला असता. डायरेक्टरनं तिथल्या तिथं भागाकार केला. दोनशे माणसं, प्रत्येकी चाळीस हजार. बरोब्बर ऐंशी लाख! “सर, कायदाबी आपल्याच बाजूनं हाय.” त्या रात्री यादी करायला बसला. यादी तीस नावांच्या आसपास थकली, आणि त्यातल्या निम्म्यांकडं त्याचेच लग्नाच्या आल्बमचे पैसे थकलेले होते.

एकदा तो गोव्यालाही जाऊन आला. इफ्फीच्या दिवसांत, नोव्हेंबरात, एनएफडीसीचा फिल्म बाजार भरतो. तिथं पिक्चर विकणारे आणि विकत घेणारे गळ्यात कार्ड अडकवून फिरतात. कार्डाची फी ऐकून डायरेक्टर बाहेरच्या चहाच्या टपरीवर फिल्म बाजार करू लागला. तिथं एका परदेशी बाईंनी त्याची गोष्ट दुभाष्यामार्फत उभ्यानं ऐकली. मूळची, फौजी भावाशिवायची, कारण दुभाष्याला इंग्रजीत तेवढीच सांगता येत होती. बाई गंभीर झाल्या. त्यांनी विचारलं, या प्रोजेक्टला अटॅच्ड कोण आहे? म्हणजे कोण नट, कोण निर्माता, कोण संस्था. डायरेक्टर म्हणाला, “सगळं गाव.” दुभाष्यानं ते तसंच भाषांतर केलं. बाईंनी कार्ड दिलं. ते त्यानं लॅमिनेट करून दुकानात गणपतीशेजारी लावलंय.

गाव टोमणे मारतंच. पण त्याच्याकडं उत्तर तयार असतं. “नगर-बीड-परळी रेल्वे 1995ला मंजूर झाली. 261 किलोमीटर. बीडला गाडी कव्हा आली? 2025च्या 17 सप्टेंबरला. तीस वर्सं कुणी रेल्वेला टोमणे मारले का?” मारले होते, रोज मारले होते, पण ते जाऊ द्या. पंक्चरवाला म्हणाला, “रेल्वेला निम्मे पैशे केंद्राचे व्हते, निम्मे राज्याचे.” डायरेक्टर म्हणाला, “त्यालाच आमच्यात को-प्रॉडक्शन म्हणतेत.”

घरी मात्र हे चालत नाही. दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, सरस्वतीबाईंनी दागिने दिले आणि 1913ला ‘राजा हरिश्चंद्र’ झाला, ही हकीकत डायरेक्टर जेवताना मुद्दाम सांगायचा. बायको अंगणवाडीत आहे, वाचन तिचंही आहे. एक दिवस ताटात भाकरी टाकत ती म्हणाली, “सरस्वतीबाईंनी फिल्मबी धुतली, अख्ख्या युनिटचा सैपाकबी केला. सैपाक मी रोज करते. फिल्म आणा, ती धुते. मंग दागिन्याचं बोलू.”

त्या हकीकतीतला एक धागा मात्र त्याच्या डोक्यात राहिला, आणि तो मला वाटतं त्याच्या सगळ्या वाचनातला सर्वांत कामाचा होता. सावकार नुसत्या शब्दांवर पैसा देत नाही म्हटल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं करून कॅमेऱ्यात टिपलं आणि ती छोटी फिल्म दाखवून कर्ज मिळवलं. डायरेक्टरनंही परसात सरकी टोकली. वर मोबाइल बांधला, दिवसातून ठरावीक वेळी फोटो. कोंब आला. दोन पानं आली. मग चार. आणि मग एका सकाळी फ्रेमच्या उजवीकडून एक शेळी आली.

शेळीनं आधी कॅमेऱ्याकडं बघितलं, बराच वेळ. मग रोप खाल्लं, देठासकट. मग परत कॅमेऱ्याकडं बघितलं. मागं अंगणात कुणीतरी कोयता घासायचा आवाज, लांबून ट्रॅक्टरची धडधड, आणि डायरेक्टरच्या आईचा आवाज, “हाड! खाल्लं बघ डायरेक्टरचं पिक्चर!” त्या दिवशी चुकून व्हिडिओ चालू राहिला होता. डायरेक्टरनं ते चिडून टाकून दिलं असतं, पण त्याच्या पोरीनं ते मोबाइलवर टाकलं आणि रात्रीपर्यंत जिल्हाभर फिरलं. भैयाच्या बुलेटला जेवढे लाइक कधी मिळाले नव्हते तेवढे शेळीला मिळाले. गुत्तेदाराचा फोन आला. डायरेक्टरनं उत्साहानं उचलला. गुत्तेदार म्हणाला, “शेळी कुणाची हाय? इकायची का?”

ती मिनिटभराची फिल्म मी बऱ्याच वेळा बघितली. तिच्यात सबसिडी नाही, सराफ नाही, उद्घाटन नाही. ज्या घरातून माणसं कोयत्यावर जातात त्या घराची सकाळ आहे. माझं मत विचाराल तर त्याची मूळची गोष्ट ऐंशी लाखांची कधी नव्हतीच. मुकादमाची टोळी, उभा फड, एक बरा कॅमेरा आणि ती पोरगी एवढ्यात ती उभी राहते. टोळी फुकट मिळत होती, तीही आठ दिवस. फक्त पट्टा पडायच्या आधी मागायला पाहिजे होती. हे मी त्याला सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं, आणि खाली ‘शेळी 1’ अशी नोंद केली.

एक गोष्ट त्याच्या बाजूनं नोंदवायला हवी. जिल्ह्यात इतक्यांनी इतक्यांचे पैसे बुडवले, डायरेक्टरनं आजवर कुणाचा रुपया बुडवलेला नाही. मिळालाच नाही म्हणून, असं पंक्चरवाला म्हणतो. पण भावी सदस्यांनी एकदा पाच हजार आगाऊ काढून समोर धरले होते, तेव्हा ‘पावती छापून झाली की घेतो’ म्हणून त्यानं ते परत केले, हे मी स्वतः बघितलंय.

तेव्हा तो तुमच्याकडं येईल. मावेजा मिळालेला असो, ग्रॅच्युइटी मिळालेली असो, नाहीतर मुलगा पुण्यात आयटीत असो, वास त्याला बरोबर लागतो. चहा पाजा, नॅरेशन पूर्ण ऐका, मधे फोन घेऊ नका. पैसे द्यायचे असतील तर बुडाले असं समजून, झेपतील तेवढेच द्या आणि वकिलाकडून साधा का होईना पण कागद करून घ्या. तुमच्या पोराला रोल मागू नका, ती रांग आधीच फाट्यापर्यंत आलेली आहे. अट एकच घाला. पोरगी पहिल्या सीनपासून पाहिजे.